तलावापर्यंत एकही चढ नाही

माणसाच्या हातून पाप घडतं असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्येक पापात हात असतोच असं नाही. काही पापं जिभेने होतात, काही डोळ्यांनी, आणि काही तर नुसत्या मानेने होतात. नकाशेकाकांचं पाप या शेवटच्या जातीचं. त्यांची मान एकदाच वरून खाली आली, तीही जेमतेम चार बोटं. पण वरच्या दरबारात मान किती हलली हे फूटपट्टी लावून मोजत नाहीत. हलली की नाही, एवढंच बघतात.

नकाशेकाका हे त्यांचं आडनाव नव्हे. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात ते ड्राफ्ट्समन. शहराच्या पोटात जेवढे नळ आहेत तेवढे कागदावर उतरवायचे, कागद जीर्ण झाला की नव्या कागदावर उतरवायचे, आणि साहेबांनी त्यावर चहा सांडला की तिसऱ्यांदा उतरवायचे, यात त्यांची उभी हयात बसून गेली होती. सोसायटीत कुणीतरी एकदा ‘नकाशेकाका’ म्हणालं आणि ते असं चिकटलं की सेक्रेटरींनी खालच्या टपालपेटीवरही तेच रंगवून घेतलं. तेव्हापासून त्यांच्या खऱ्या नावाची पत्रं परत जाऊ लागली.

सायकल ही मुळात डॉक्टरांची कल्पना. दंडाचा पट्टा सोडवत ते म्हणाले, “तुमचा रक्तदाब अजून तरुण आहे, उड्या मारतोय. म्हातारे तेवढे तुम्ही झालात. सायकल घ्या, सकाळी शहराबाहेर पडा, मोकळ्या रस्त्याने जा.”

सायकल आली. घरात बाळ आलं तर लोक निदान आधी ते कुणावर गेलंय एवढं तरी विचारतात. सायकल आली की सरळ सल्ला सुरू. तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले म्हणाले, “सीट वर घ्या काका. पाय जमिनीला टेकले की ती सायकल नव्हे, खुर्ची झाली.” तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “सीट खालीच असू द्या हो. पडलात तर थोडक्यात पडाल.” दोघांचंही मन राखायचं म्हणून काका सीट सकाळी वर घेत आणि संध्याकाळी खाली. सेक्रेटरी सोसायटीच्या सायकल मंडळाचेही सेक्रेटरी होते. त्यांनी हेल्मेट, हातमोजे आणि मागे लावायचा लाल दिवा एवढं सगळं घ्यायला लावलं. आता फक्त सायकल चालवायचं बाकी राहिलं होतं.

तेही एकदा झालं. काकांनी पार्किंगमध्ये एक अख्खी फेरी मारली आणि दुसऱ्या फेरीला सायकल वॉचमनच्या खुर्चीवर चढवली. नशीब थोर म्हणून वॉचमन त्या वेळी उभा होता. देवमाणूस तो. खुर्ची सरळ करून एवढंच म्हणाला, “साहेब, उद्या जरा आधी सांगून या.”

अपमान झाला की कुणी देवाला जवळ करतं, कुणी बाटलीला. नकाशेकाकांनी ड्रॉइंग बोर्ड जवळ केला. बाहेर पडण्याआधी कुठे जायचं ते ठरवायला नको का? आधी अभ्यास, मग सायकल. महिनाभर त्यांचे सगळे रविवार याच अभ्यासात गेले. खात्यातले जुने कागद, रस्त्यांचे नकाशे, बारीक टोकाचं पेन आणि पाच रंगांच्या शाया घेऊन ते बसले. शेवटी जो नकाशा उभा राहिला तो बघून परक्यालाही सायकलवर टांग टाकावीशी वाटली असती. शहरातून पाच वाटा पाच दिशांना निघत होत्या. वीटभट्ट्यांची वाट तांबडी होती, कालव्याची निळी. जुन्या पुलाची वाट होती, नर्सऱ्यांची होती. आणि सगळ्यांत देखणी, हिरवी, तलावाची वाट.

या तलावाच्या वाटेवर काकांचा विशेष जीव. शहराचं पाणी त्या तलावातूनच येतं, मोठ्या नळातून, आणि नळाच्या कडेने खात्याचा रस्ता जातो. हा नळ काकांनी इतक्या वेळा काढला होता की बायकोचा चेहरा आठवायला त्यांना क्षणभर लागेल, नळाचा नाही. त्यांनी नळाच्या उंचसखलपणाचा कागद काढला. खात्यात त्याला नुसतं ‘सेक्शन’ म्हणतात. त्यावर दोन रेघा असतात. जाड रेघ नळाची, बारीक तुटक रेघ जमिनीची. आता खरं सांगायचं तर पाणीखात्यात जमिनीला विचारतो कोण? जमीन म्हणजे नळावर पांघरूण म्हणून घातलेली माती, अशीच तिथल्या लोकांची श्रद्धा. काकांची नजर सवयीने जाड रेघेवरून धावत गेली. ती तलावापासून शहरापर्यंत सावकाश, जवळजवळ सपाटच म्हणावी इतक्या समजूतदारपणे उतरत आली होती. काकांनी हिरव्या वाटेखाली सुंदर अक्षरात लिहिलं: ‘तलावापर्यंत एकही चढ नाही. मुले, ज्येष्ठ व गुडघेदुखीवाले यांच्यासाठी उत्तम.’

नकाशा सोसायटीच्या फलकावर लागला. लोक जमले. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई रविवारी खरोखरच लांबवर सायकल चालवणाऱ्या. त्यांनी चष्मा वर करून नकाशा वाचला आणि कौतुकाने विचारलं, “काका, या सगळ्या वाटा तुम्ही स्वतः फिरून आलात?”

या प्रश्नाला सरळ उत्तर होतं आणि ते दोन अक्षरी होतं. पण नेमके त्या वेळी काकांचे सासरे काठी टेकत मागे येऊन उभे राहिले होते.

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून केलेली. निवृत्त झाले तरी भाजी घेताना ते काट्याकडे अशा नजरेने बघत की भाजीवाला आपण होऊन दोन गाजरं वर टाकी. असल्या माणसाने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जावयाचंही वजन केलं होतं आणि निकाल मनात नोंदवला होता: खोटा नाही, पण हलका. कुणी विचारलं, “जावई काय करतात?” तर ते म्हणत, “बसलेले असतात.” यात दुष्टावा नव्हता. माप होतं.

त्या सासऱ्यांनी फलकाकडे बघितलं, मग जावयाकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी बघितलं. आणि काकांची मान हलली.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “हे मला ठाऊक नव्हतं हो.”

त्या दिवशी संध्याकाळी चहाचा पहिला कप सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने जावयापुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याला, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना आणि बागेतल्या बाकावरच्या सगळ्या मित्रांना बातमी कळली: माझे जावई पहाटे घर झोपेत असताना वाऱ्यापावसात वाटा धुंडाळत फिरले आणि घरात चकार शब्द बोलले नाहीत. काय ही विनयशीलता! काका ते ऐकत आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापत. लाज ही अशीच चीज आहे. शिव्या पचतात, न केलेल्या कामाची शाबासकी पचत नाही.

बायकोला अर्थातच सगळं माहीत होतं. नवरा रविवारी कुठे असतो हे तिला नाही तर कुणाला माहीत असणार? जाता-येता तीच त्याच्या पायांखालून झाडू फिरवत होती.

“तुम्ही कधी हो गेला होतात वीटभट्ट्यांवर?” तिने पोळपाटासारखा सपाट आवाज लावून विचारलं.

“मी गेलो असं म्हणालोच नाही. नुसती मान हलली.”

“मान आपोआप हलायला तुम्ही काय नंदीबैल आहात? बाबांना सांगून टाका.”

“सांगतो.”

“मी सांगणार नाही हं. तुमचं तुम्ही निस्तरायचं. आणि लवकर सांगा, ते बाकावर रोज एक गोष्ट वाढवून सांगतायत. काल तुमच्यामागे कुत्रा लागला होता.”

काका सांगणारच होते. पण चांगलं काम उद्यावर टाकणाऱ्याला देव जो उद्या देतो तो नेहमी आजच्याहून अवघड असतो. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी नकाशाची पुस्तिका छापून आणली. वर मोठ्या अक्षरात होतं: ‘प्रत्येक वाट नकाशेकाकांनी स्वतः सायकलवर पालथी घातलेली.’ आणि मंडळाची पहिली सहल तलावाच्या वाटेने काढायचं ठरलं होतं, कारण तशी सूचना खुद्द सासऱ्यांनीच केली होती. डॉक्टरांनी त्यांना सायकलची परवानगी दिली होती, मात्र सपाट रस्त्यावर, चढ अजिबात नको, या अटीवर.

“सपाटच आहे म्हटलं,” सासरे सेक्रेटरींना सांगत होते. “जावई बघून आलेत.”

आता त्या रस्त्यावर खात्याचं फाटक आहे, आणि आत जायला खात्याची परवानगी लागते. सेक्रेटरींनी अर्ज केला. तो या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून सुरक्षा विभागात, तिथून ‘सायकल हे वाहन आहे किंवा कसे’ या शंकेसह विधी विभागात आणि तिथून शंका न फिटता परत असा हिंडून आला आणि अखेर एका दुपारी दमूनभागून थेट काकांच्याच टेबलावर येऊन पडला. वर शेरा: ‘ड्राफ्ट्समन यांनी मार्गाबाबत खातरजमा करून अभिप्राय द्यावा.’

काकांनी तो शेरा दोनदा वाचला. इथे खरं लिहावं तर सोसायटीत अब्रू जाणार, आणि खोटं लिहावं तर... पण खोटं कुठे होतं? सेक्शन समोर होता, जाड रेघ समजूतदार होती. त्यांनी लिहिलं, ‘मार्ग सपाट आहे.’ खाली सही केली. इतके दिवस पाप घरगुती होतं, ते आता सरकारी झालं.

सहल रविवारी. त्याच्या आदल्या शुक्रवारी खात्याच्या इंजिनीअर मॅडम घाईघाईने आल्या. वयाने काकांच्या पुतणीएवढ्या, पण नळाला हात लावून गळती कुठे आहे ते सांगतील अशा.

“काका, तलावाच्या लाइनीला गळती लागलीय. टेकडीखालच्या बोगद्यात. तेवढ्या भागाचा सेक्शन द्या ना काढून.”

“कुठली टेकडी?” काका म्हणाले.

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं काका थट्टा करतायत.

काकांनी कागद उलगडला. जाड रेघ सरळ चालली होती. आणि तिच्या वरची ती बारीक तुटक रेघ, जिच्याकडे त्यांनी जन्मात कधी मान वर करून बघितलं नव्हतं, ती अचानक उठली, चढली, चढतच राहिली आणि कागदाच्या वरच्या कडेतून बाहेर निघून गेली. कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘टेकडी.’ अक्षर काकांचंच होतं.

म्हणजे नळ टेकडीच्या पोटातून गेला होता. पण सायकलवाल्यांना नळातून सोडण्याची सोय खात्याने केलेली नव्हती. त्यांचा रस्ता टेकडीच्या डोक्यावरून होता.

त्यानंतर काकांनी सहल थांबवण्यासाठी जे उद्योग केले ते ऐकून शत्रूलाही दया यावी. आधी त्यांनी मॅडमना सुचवलं, की गळती आहे तर परवानगी रद्दच करावी. मॅडम म्हणाल्या, “अहो, तुमच्या अभिप्रायावर मोठ्या साहेबांनी सही केलीय. आता तुम्हीच नको म्हणता? कारण काय लिहू?” मग त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. “त्यापेक्षा कालव्याने जाऊ या का? फार रम्य आहे.” सेक्रेटरींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, तुम्हाला या वाटा पाठ झाल्यात म्हणून कंटाळा येतो. आमचा विचार करा.” शेवटी त्यांनी पावसासाठी देवाचा धावा केला. देवाने स्वच्छ निळं आकाश पाठवलं. काही प्रार्थनांना नकार हेच उत्तर असतं, एवढंच की तो नकार इतका लखलखीत क्वचितच मिळतो.

मग एकच मार्ग उरला, खरं सांगण्याचा. शनिवारी काका मनाचा हिय्या करून सासऱ्यांच्या खोलीत शिरले. सासरे पलंगाच्या कडेला बसून गुडघा वाकवण्याचा व्यायाम करत होते. दर वेळी दात आवळले जात होते. भिंतीला बँकवाल्यांकडून मागून आणलेली सायकल टेकवलेली, घासूनपुसून चकचकीत केलेली.

“या जावईबापू. काठी सोडून कुठेतरी जायला मिळेल असं वाटलंच नव्हतं मला. डॉक्टर नाही म्हणत होता. मी म्हटलं, माझ्या जावयाने लिहून दिलंय, चढ नाही म्हणजे नाही. तुमच्या शब्दावर भांडलो हो त्याच्याशी.”

काकांनी तोंड उघडलं. “बाबा...”

“बोला.”

“ब्रेक तेवढे तपासून घ्या,” काका म्हणाले आणि बाहेर आले.

दारात बायको उभी होती. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मंडळ निघालं. पुढे दंतवैद्यबाई, मागे बँकवाले, मग सेक्रेटरी, मग मंडळाचे बाकीचे सभासद. काकांची बायको शेजारणीच्या सायकलवरून अशी सहज चालली होती की जणू भाजी आणायला निघालीय. लहानपणी ती शाळेत सायकलनेच जायची हे काकांना त्या दिवशी कळलं. सासरे सर्वांत मागे, सावकाश, पण ताठ. त्यांच्याही मागे, लटपटत का होईना, आपला नकाशेकाका, हेल्मेट घातलेला, हातमोजे घातलेला, तोंडचं पाणी पळालेला.

फिल्टर हाउसपर्यंत रस्ता काचेसारखा. पुढे सूर्यफुलांची शेतं लागली, कोंबड्यांच्या लांबलचक शेड लागल्या, आणि डाव्या हाताला तो काळा मोठा नळ सोबतीला आला. “वा!” सासरे म्हणाले. “बरोबर लिहिलंय हो तुम्ही. एकही चढ नाही.” फाटकावरच्या पहारेकऱ्याने परवानगीचा कागद उलटा धरून वाचला आणि सोडलं. काका मनात म्हणत होते, टेकड्या झिजतात, आपण शाळेत शिकलोय. कागद जुना आहे. कदाचित एव्हाना झिजली असेल.

टेकडी झिजली नव्हती. नळ, बीळ सापडलेल्या सापासारखा, सरळ तिच्यात शिरला. रस्त्याने मात्र तिथे एक वळण घेतलं, मान उचलली आणि वर निघाला.

पहिल्यांदा घंट्या थांबल्या. मग गप्पा थांबल्या. मग ऐकू येत होते फक्त श्वास. बँकवाले अर्ध्यावर उतरले आणि सायकल ढकलता ढकलता मागे वळून ओरडले, “काका, हा चढ नकाशात कुठल्या रंगाने दाखवलाय?”

काकांनी काही म्हणण्याआधी सासरेच गरजले, “अहो, रोजच्या सायकलवाल्याला हा चढ वाटतच नसेल! ते इथे येऊन गेलेत. तुम्ही व्याजाची गणितं करणारी माणसं, तुम्हाला पायरीसुद्धा चढ वाटते. चालवा!”

बायको काका बरोबरीला येईपर्यंत रेंगाळली. तिला दम लागला नव्हता. हळूच म्हणाली, “सांगितलंत?”

“नाही.”

“मग आता टेकडीच सांगेल,” असं म्हणून ती पुढे निघून गेली.

बाकीचे सगळे वळणाआड दिसेनासे झाले. खाली दोघेच राहिले. सासरे एकेक पायडल दाबत होते आणि दर दाबाला ओठ आवळत होते.

“या वळणानंतर सपाट लागतं ना?” त्यांनी विचारलं.

वळण आलं. वर आणखी वळण.

“मग त्या वळणानंतर असेल. तुम्ही बघितलंय म्हणजे असणारच.” सासऱ्यांचा चेहरा घामाने भिजला होता, आणि पाय आता पायडलावर थरथरत होता. “नाही का?”

आणि काकांच्या लक्षात आलं, की आपली मान पुन्हा हलायच्या बेतात आहे. या वेळी जर ती हलली तर हा म्हातारा पुढच्या वळणापर्यंत जाईल, मग त्याच्या पुढच्या. गुडघा सोडून देईल, पण जावयावरचा विश्वास सोडणार नाही. काकांनी सायकल पुढे काढली. तिला रस्त्यात आडवी लावायची आणि मग शांतपणे उतरून सांगायचं, असा त्यांचा विचार होता. पहिली गोष्ट जमली. सायकल आडवी झाली, तिच्याबरोबर काकाही आडवे झाले, आणि पुढचं जे बोलणं ते त्यांना डांबरावर पडल्या पडल्या करावं लागलं.

“बाबा, उतरा. पुढे सपाट नाही.”

“म्हणजे?”

“आहे की नाही ते मला माहीत नाही. मी इथे कधी आलोच नाही.”

सासरे एक पाय टेकून उभे राहिले. “आज पहिल्यांदा?”

“हो.”

“आणि कालव्याची वाट?”

“तिथेही नाही.”

“वीटभट्ट्यांची? तुम्ही लिहिलंय, धूळ फार आहे म्हणून.”

“वीटभट्टी म्हटल्यावर धूळ असणारच, म्हणून लिहिलं.”

नोकरीत असताना सासऱ्यांनी खोटं वजन पकडलं तरी दुकानदारावर कधी आवाज चढवला नव्हता, असं सांगत. ते नुसतं वजन उचलायचे, उलटं करायचे आणि बुडाला किती शिसं खरवडून काढलंय ते बघायचे. तसं त्यांनी जावयाकडे बघितलं. उलटं करायची गरज नव्हती, जावई पडलेलाच होता. काकांना वाटलं, रस्त्याने आणखी एक उपकार करावा, दुभंगावं. पण खात्याचा रस्ता. दुभंगायलाही मंजुरी लागली असती.

सासऱ्यांनी सायकलवरून दुसरा पाय काढला आणि खाली टेकवला मात्र, त्यांच्या तोंडून कळ बाहेर पडली. गुडघा वाकेना. वर जाणं अशक्य, आणि उतारावर चालणंही अवघड. काका धडपडत उठले, सायकली कडेला टाकल्या, सासऱ्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि एकेक पाऊल करत दोघे खाली आले.

बोगद्याच्या तोंडाशी खात्याची जीप उभी होती. चार मजूर आणि बूट चिखलात बुडलेल्या इंजिनीअर मॅडम गळती काढायला आल्या होत्या. त्यांनी या दोघांना बघितलं, काकांचं खरचटलेलं कोपर बघितलं, आणि विचारलं, “काका, हे काय? तुमची मंडळी वर चढताना बघितली मी. अभिप्रायात तर सपाट लिहिलं होतं तुम्ही.”

“मॅडम, अभिप्राय चुकलाय. खातरजमा केली नव्हती. सोमवारी तसं लिहून देतो.” एकदा सुरुवात झाली की तेवढं अवघड जात नाही, हे काकांना नवीनच कळत होतं. तरी मजुरांपुढे नसतं बोलावं लागलं तर बरं झालं असतं.

मॅडमनी सासऱ्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. “जीपमध्ये आमचे पाइप भरलेत, माणूस बसायला जागा नाही. पण तलावाच्या बाजूला आमची दुसरी गाडी उभी आहे, ती घरी सोडेल. आतून जा. नळाच्या कडेने चालायची वाट आहे, आणि ती मात्र खरोखर सपाट आहे. सायकली मी वरून आणवते.”

एका मजुराने हातात बॅटरी दिली आणि दोघे टेकडीच्या पोटात शिरले.

आत गारवा होता. एका अंगाला काळा नळ, दुसऱ्या अंगाला ओला दगड, मधे दोन माणसं कशीबशी शेजारी चालतील एवढी वाट. सासऱ्यांचा हात काकांच्या खांद्यावर होता, नाइलाजाने होता. कुठेतरी गळतीचं पाणी फवाऱ्यासारखं उडत होतं. त्यातून जाताना दोघेही भिजले. काकांना अंधार फार सोयीचा वाटत होता. हा बोगदा तलावापाशी न संपता असाच पुढे चालू राहिला असता तरी त्यांची हरकत नव्हती.

बऱ्याच वेळाने सासरे म्हणाले, “सपाट आहे.”

“हो.”

“म्हणजे तुमचा नकाशा नळासाठी बरोबर होता.”

“हो.”

“हसायला येत नाहीये मला,” सासरे म्हणाले, आणि काकांचीही तशी अपेक्षा नव्हती. थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलले. आवाज दगडांवर आपटून परत येत होता, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागत होतं. “न फिरल्याचं मला काही नाही हो. मीसुद्धा कुठे फिरलोय? पण मी बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं. त्या डॉक्टरला ऐकवलं. आत्ता त्या बँकवाल्याला वाटेल ते बोललो. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली आणि म्हातारपणी न तपासता हमी देऊन बसलो. ती माणसं तिकडे बसली असतील. त्यांना मी काय तोंड दाखवू?”

काकांना उमगलं, आपण इतके दिवस आपल्याच अब्रूला कुरवाळत बसलो होतो. या माणसानेही स्वतःची अब्रू जावयाच्या पदरात टाकली होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“तुम्ही काही बोलू नका बाबा. मी सांगतो.”

“सगळं?”

“सगळं. पाचही वाटा.”

सासरे थांबले. गुडघ्यासाठी थांबले की कशासाठी, अंधारात कळलं नाही. मग म्हणाले, “ठीक आहे. तुम्ही सांगा. मी शेजारी उभा राहतो.”

बोगद्याचं तोंड उजळलं. पलीकडे तलाव पसरला होता, आणि काठावर मंडळ टेकडी उतरून येऊन बसलं होतं, तांबडेलाल चेहरे, विस्कटलेले केस. कुणी पाय सोडून बसलेलं, कुणी सपशेल आडवं. सेक्रेटरी पुस्तिकेने वारा घेत होते. बायको उभीच होती. वडील आणि नवरा टेकडीवरून न येता टेकडीतून, नखशिखांत भिजून बाहेर आलेले बघून ती चार पावलं पुढे आली, आणि नवऱ्याचा चेहरा बघून तिथेच थांबली.

“या, या!” बँकवाले म्हणाले. “शेवटी सपाट रस्ता सापडला म्हणायचा!”

मंडळ हसलं. काका सगळ्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. हेल्मेट काढावं की ठेवावं हे सुचेना, म्हणून त्यांनी ते काढून हातात धरलं. सासऱ्यांनी खांद्यावरचा हात काढून घेतला, दुखऱ्या पायावर जमेल तितके सरळ झाले, आणि जावयाच्या उजव्या हाताला उभे राहिले.

“मला एक सांगायचंय,” काका पुटपुटले. “तो नकाशा...”

“जरा मोठ्याने,” सासरे समोर बघतच म्हणाले. “मागच्यांना ऐकू जायला हवं.”